ओव्हरटाइम बंद, आणि बिल्डर म्हणतो घ्यायची हीच वेळ. देवळाईला फ्लॅट घ्यावा का?

वाळूजकर_३४

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी संभाजीनगरजवळ वाळूजला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, तेरा वर्षं झाली. हातात ३८ हजार पडतात. पूर्वी ओव्हरटाइम धरून ४६-४७ व्हायचे. आमचा निम्मा माल अमेरिकेला जातो आणि तिकडचा टॅरिफ, म्हणजे आयात कर, लागल्यापासून ऑर्डरी आटल्यात. ओव्हरटाइम बंद, तिसरी शिफ्ट बंद, शनिवारी मशीनच्या देखभालीच्या नावाखाली सुट्टी, आणि तीही आमच्याच रजेतून कापतात. कंत्राटी पोरं निम्मी घरी बसली. कॅन्टीनला आधी रांग लागायची, आता वाढपी हाक मारून बोलावतो.

बायको गारखेड्याला खासगी शाळेत शिकवते, तिला १४ हजार. मुलगी दुसरीत. राहायला बजाजनगरला, भाडं साडेसात.

देवळाईला एक टू बीएचके बघितलाय. तिसरा मजला, कार्पेट ६१० चौरस फूट, बांधकाम संपत आलंय. वर्षापूर्वी ४१ लाख सांगत होते, आता ३८ वर आलेत आणि वर "बसून बोलू" म्हणतात. त्यांचा माणूस दर दोन दिवसांनी फोन करतो. त्याचं पाठ झालेलं आहे: रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर) फेब्रुवारी २०२५ च्या आधी ६.५० होता, डिसेंबरात ५.२५ झाला, सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ झाला, मंदीत घेतो तोच कमावतो.

माझ्याकडे सगळं खरवडून ११ लाख आहेत. त्यातले अडीचेक लाख दस्त-मुद्रांकात जाणार, म्हणजे कर्ज ३० लाखांचं. साडेसात टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २४,१६८. वैजापूर तालुक्यात वडलांची चार एकर जमीन आहे. गेल्या सप्टेंबरच्या पावसात कपाशी जागेवर सडली, तरी म्हातारा म्हणतो, "सडकेकडचे वीस गुंठे काढू, तू शहरात घर कर." मला ते ऐकूनच कसंतरी होतं.

भाव पडलेत, व्याज पडलंय, हे खरं. पण माझा पगारही पडलाय. काय करू?

प्लॉटवाला_भाऊ

फ्लॅट म्हणजे हवेतली जागा. त्यापेक्षा करमाड-शेंद्र्याकडे एनए (बिगरशेती) प्लॉट घ्या, हजार फूट. ना मेंटेनन्स, ना टँकर. जमीन कुणी नवीन बनवत नाही. माझ्याकडे दोन-तीन चांगले आहेत, मेसेज करा.

पडेगावची_छावणी

वरच्या भाऊंचं ऐकून प्लॉट घेतलात तर भाडं भरत भरत त्या प्लॉटवरचं गवत बघायला जाल. राहायला घर हवंय की नाही, ते आधी ठरवा.

मी "मंदीत घ्या" या मंत्राचा जिवंत नमुना. डिसेंबर २०२० ला घेतलं. तेव्हा सरकारनं मुद्रांक शुल्क सप्टेंबरपासून ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, ३१ डिसेंबरला ती सवलत संपणार होती. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मास्क लावून सकाळी साडेनऊपासून बसलो, अंगठा लागला संध्याकाळी सातला. घरी पेढे घेऊन गेलो. मार्चपर्यंत २ टक्के सवलत पुढेही होतीच, हे पेढे संपल्यावर कळलं.

कर्ज २५ लाख, दर ७ टक्के, हप्ता १९,३८२. तेव्हा रेपो ४ होता. मे २०२२ पासून जो चढायला लागला तो फेब्रुवारी २०२३ ला ६.५० वर थांबला आणि माझा दर साडेनऊवर. बँकेनं विचारलंही नाही, हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत नेली. एक दिवस सहज स्टेटमेंट उघडलं. त्या हप्त्यानं कर्ज फिटायला आणखी चाळीस वर्षांच्या आसपास लागणार होती. मी तेव्हा एक्केचाळीसचा! पळत गेलो, हप्ता २३ हजारांवर नेला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

तेव्हा फोनवाल्याला सांगा, व्याज आज कमी आहे म्हणजे ते आता वरच जाऊ शकतं. तुमचे ३० लाख १० टक्क्यांनी मोजून बघा: २८,९५१. ओव्हरटाइमशिवाय झेपतात का?

घर घेतल्याचा पश्चात्ताप मात्र नाही. माझी नोकरी सरकारी आहे. सगळा फरक तिथं आहे.

खोल्यावाली_लातूर

वाळूजकर भाऊ, मी लातूरची. टीव्हीवाले काही म्हणोत, ज्याच्या घरी ओव्हरटाइम बंद झाला त्याच्यासाठी मंदी आलेली आहे. माझ्यावर गेलेलं सांगते.

२०१८ ला आम्ही राहत्या घरावर दोन मजले चढवले. अकरा खोल्या, एका खोलीत दोन मुली, क्लासेस पायी दहा मिनिटांवर. डोक्यामागे अडीच हजार. कर्ज २२ लाख, नऊ टक्के. गुत्तेदारानं नेहमीप्रमाणे दोन महिन्यांचे सात केले, पण जूनला एकही खोली रिकामी नव्हती. महिन्याला ५५ हजार यायचे. मी मिस्टरांना म्हटलं, दुकान बंद करा आता.

बरं झालं त्यांनी ऐकलं नाही.

मार्च २०२०. मुली एकेक पिशवी घेऊन गावी गेल्या, "काकू, आठ दिवसांत येतो." खोल्यांत सगळं तसंच. बादल्या, कूलर, फिजिक्सच्या वह्या, दोरीवर वाळत घातलेला एक पिवळा ओढणीचा ड्रेस. तो ड्रेस मी काढून घडी घालून ठेवला, ती मुलगी ऑगस्टात वडलांबरोबर सामान न्यायला आली तेव्हा दिला. क्लास मोबाइलवर चालू झाले होते. भाडं मागायचं तोंड कुणाला? भाडं शून्य.

बँकांनी मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सोय दिली होती, आम्ही घेतली. माफी वाटली आम्हाला ती. नव्हती. सहा महिन्यांचं व्याज, जवळजवळ लाख रुपये, मुद्दलात जाऊन बसलं. माझ्या पाटल्या तारण गेल्या त्या बावीसच्या दिवाळीला घरी आल्या.

आता तुमच्या प्रश्नाचं. त्या वर्षी आम्ही घर विकायला काढलं होतं. ६० लाख सांगत होतो, कारण गल्लीत भाव ६०. एजंट एकच गिऱ्हाईक घेऊन आला, गच्चीवर गेला, टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाला ४०. आम्ही नाही म्हटलं. नंतर वर्षभर कुणी फिरकलं नाही. पण गल्लीत कुणालाही विचारा, भाव काय? तर ६०! समोरच्या प्लॉटवर "विकणे आहे"ची पाटी होती, पावसानं अक्षरं गेली, आकडा कुणी खाली आणला नाही. आपल्याकडं मंदीत भाव पडत नाही भाऊ, गिऱ्हाईक नाहीसं होतं. भाव पडला असता तर आम्हाला निदान कळलं असतं आपण कुठं उभे आहोत.

म्हणून बिल्डर ३८ म्हणूलालाय ते धरू नका. त्या इमारतीत गेल्या सहा महिन्यांत खरोखर दस्त झालेले फ्लॅट कितीला गेले ते काढा. आणि उद्या तुमची कंपनी बसली तर तुम्हाला तो सहा महिन्यांत विकता येणार नाही असंच समजा. घर म्हणजे सोनं नाही, रात्रीतून गहाण टाकता येत नाही.

दुसरं, पाणी. २०१६ च्या एप्रिलपासून आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्या उन्हाळ्यात क्लासची पोरं घरोघर परत गेली, हॉस्टेलं ओस. हे मी डोळ्यानं बघितलं आणि दोन वर्षांनी अकरा खोल्या बांधल्या. मांजरा धरण भरलं की माणूस विसरतो. देवळाईत माझी नणंद राहते, तिच्याकडं पाहुणा आला की आधी टँकर कधी येणार ते बघतात, मग चहा ठेवतात. बिल्डर म्हणेल जायकवाडीची नवी लाईन येणार. येईल. तुम्ही आज काय येतंय ते विचारा. बोअर किती फूट, मेमध्ये किती टँकर, आणि ते पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे.

तिसरं, वडलांची जमीन. विकू नका. दुसरं काही ऐकू नका हवं तर, हे ऐका. तुमची नोकरी गेली तर तुम्ही जाणार कुठं?

मी असते तर काय केलं असतं? फक्त पक्क्या पगारावर, बायकोचे १४ बाजूला ठेवून, सहा महिने दरमहा २४ हजार आवर्ती ठेवीत (आरडीत) भरून बघितले असते. सहा महिने हप्ता न चुकता गेला तर फ्लॅट तुमचा. चुकला तर तुमचेच पैसे तुमच्याकडे. घेतलाच तर नुसत्या बाईच्या नावावर घ्या, २०२१ पासून मुद्रांकात १ टक्का सूट आहे, तुमचे ३८ हजार वाचतात. जोडनावाला नाही मिळत. मिस्टरांना आधी विचारून घ्या, नाहीतर रुसतात. (म्हणजे तुम्हीच मिस्टर, विसरलेच.)

जुना_मुद्रांकवाला

ताईंनी जमिनीवरचं सांगितलं, मी कागदावरचं सांगतो. नोंदणी खात्यातून निवृत्त आहे.

बिल्डर ३८ चे ३५ करील, पण मुद्रांक बसतो रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेला जागेचा भाव) आणि करारातली रक्कम यांत जी जास्त असेल तिच्यावर. मंदीतही रेडीरेकनर तुमच्यासाठी खाली येत नाही. दर तोडण्यापेक्षा पार्किंग, मुद्रांकाचा खर्च, खिडक्यांच्या जाळ्या हे मागा. दर पाडला तर आधीचे गिऱ्हाईक त्याच्या दारात येतात म्हणून तो पाडत नाही, वस्तू मात्र देतो.

पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलात तर जीएसटी नाही. आधी घेतलात तर तुमच्या बजेटला १ टक्का. म्हणजे दाखल्याला दोन महिने राहिले असतील तर थांबण्याचेच पैसे मिळतात. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका, ताबा कधीचा लिहिलाय आणि किती वेळा पुढं ढकललाय ते दिसतं. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायद्यानं तो मागूच शकत नाही. इसार म्हणून दोन लाख उचलतात आणि मग पावतीसुद्धा देत नाहीत, अशी माणसं माझ्या टेबलासमोर रडलेली आहेत.

आणि मराठवाड्यात आहोत. नुसता सातबारा बघून भागत नाही. मूळ जमिनीचं १९५४ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची तेव्हाची सरकारी नोंद, काढा. इनाम, मदतमाश, देवस्थान असलं काही (पूर्वी दान दिलेली जमीन) निघालं तर वर बांधलेला मजला कितीही चकचकीत असो, वकिलाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

वाळूजकर_३४

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

ताईंचं वाचून मी रविवारी संध्याकाळी आठ वाजता बिल्डरला न सांगता गेलो. शेजारची विंग त्याचीच, दोन वर्षांपूर्वी ताबा दिलेली. बत्तीस फ्लॅट. खाली उभं राहून दिवे मोजले, नऊ. वॉचमन परभणीकडचा निघाला, तंबाखू मळत बोलायला लागला. म्हणाला, बाकीचे "इन्व्हेस्टरचे" आहेत, किल्ल्या माझ्याकडेच असतात. टँकर? आत्ता जानेवारीत दिवसाआड एक, उन्हाळ्यात रोज दोन. लिफ्टजवळ भिंतीला ओल होती, तिच्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलेलं. मी जरा उचलून बघितलं आणि परत सोडून दिलं.

त्यातल्याच एका इन्व्हेस्टरचा फ्लॅट मी भाड्यानं घेतलाय. दुसरा मजला, साडेआठ हजार. त्यानं कधीतरी ३९ ला घेतला म्हणे, मला चावी देताना हाताला घाम होता त्याच्या. बायकोची शाळा जवळ आली, मला मात्र कंपनीची बस धरायला वाळूजजवळच्या पंढरपूरच्या जुन्या थांब्याऐवजी बायपासला यावं लागेल. आता मे काढायचा. हप्ता आणि भाडं यांतला फरक, १५ हजार ६६८, त्याची आवर्ती पोस्टात उघडली. पहिला भरला. दुसऱ्याच्या वेळी कंपनी पुन्हा आठवड्याला पाच दिवसांवर असेल तर काय, ते तेव्हा.

बिल्डरचा फोन कालच आला. आता साडेपस्तीस म्हणतो, पार्किंग फुकट.

वडलांना फोन केला. जमीन राहू द्या म्हटलं, तर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्या वीस गुंठ्यात बाजरी टाकावी म्हणतो उन्हाळी," आणि मोटारीचं बिल किती आलं ते सांगत बसले.

बजाजनगरहून देवळाईला सामान न्यायचंय. फ्रिज, कपाट, दोन पलंग, तुळशीची कुंडी. रविवारी कुणाचा टेम्पो मिळेल का?

पडेगावची_छावणी

आमच्या चुलत्याचा छोटा हत्ती आहे. मेसेज केलाय. कपाटाची कुलपं लावून ठेवा, मागच्या वेळी एकाचं दार झाल्टा फाट्यावर उघडलं होतं.