मदत हवी आहे: कुठलं उपकरण किती बिल खातं हे अ‍ॅपमध्ये दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, तीन महिने एकटीच एक अ‍ॅप बनवतेय आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे टाकतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

अ‍ॅपचं काम साधं आहे, म्हणजे मला तसं वाटलेलं. घरातली उपकरणं टाका, त्यांचे वॅट टाका, रोज किती तास चालतात ते टाका, युनिटचा दर टाका, की अ‍ॅप सांगणार कोण किती खातंय. वॅट गुणिले तास भागिले 1000 म्हणजे युनिट, शाळेतलं गणित. पहिलं व्हर्जन दोन वीकेंडमध्ये झालं आणि मी कौतुकाने मावशीच्या फोनमध्ये टाकून दिलं.

मावशीने फ्रीजमागचं लेबल वाचलं, 150 वॅट. तास किती? "अगं फ्रीज काय कोणी बंद करतं का, 24 लिही." झालं, अ‍ॅप म्हणालं रोजचे 3.6 युनिट, महिन्याचे 108. तिचं आख्खं बिल 180 युनिटचं, त्यातले 108 फ्रीजचे म्हटल्यावर ती हादरलीच, आणि त्या रात्रीपासून झोपताना फ्रीजचं बटण बंद. चौथ्या दिवशी फोन आला की आतलं सगळं खराब झालं, काढून टाकतेय तुझं अ‍ॅप. मी प्लग मीटर (सॉकेट आणि उपकरणाच्या मध्ये लावून युनिट मोजणारा) घेऊन गेले, दोन दिवस लावून ठेवला, तर दिवसाचं एक युनिट पण पुरतं भरेना. कंप्रेसर काही सलग चालत नाही ना, थोडा वेळ चालतो, थांबतो, परत चालतो, आणि लेबलवरचा आकडा तो चालू असतानाचा, तोही बऱ्याचदा कमाल. रात्री बंद ठेवून सुद्धा फारसं वाचत नव्हतं, कारण सकाळी आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला तोच कंप्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरत बसायचा.

गिझरचं पण तेच. लोक सांगतात "एक तास चालू असतो", 2000 वॅटचा गिझर म्हणजे अ‍ॅप 2 युनिट लावून मोकळं. पण 15 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला लागतात साधारण 0.6 युनिट, ते काम 18-20 मिनिटांत होतं, मग थर्मोस्टॅट स्वतःच वीज तोडतो. उरलेली चाळीस मिनिटं फक्त बटणावरचा लाल दिवा जळतोय, गरम पाणी घेत राहिलात तर गोष्ट वेगळी. म्हणजे माझा आकडा तिप्पट चुकलेला, आणि तो मी दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवत होते!! (त्या दशांशांची आता लाज वाटते.)

बरं, हे मी सुधारलं. फ्रीजसाठी आता लेबल विचारतच नाही, वार्षिक युनिटचं स्टिकर असेल तर ते घेते. गिझरला टाकी किती लिटरची आणि दिवसात किती वेळा रिकामी होते ते विचारते. इस्त्री, मिक्सर, पंखे, दिवे जुन्या पद्धतीनेच, तिथे चूक फार महागात पडत नाही. (इस्त्रीलाही थर्मोस्टॅट असतो, माहितीये, कोणी लिहायच्या आधी सांगते.)

खरी अडचण पुढे आहे. युनिटचे पैसे करायचे कसे?

स्लॅब असलेलं बिल धरा. पहिल्या 100 युनिटला दर 1, त्यापुढे दुप्पट म्हणजे 2. घर 180 युनिट वापरतं, तर बिल झालं 100 अधिक 160, म्हणजे 260. त्यातले 40 युनिट गिझरचे. सरासरी दराने गिझरचा वाटा येतो 58 च्या आसपास. पण उद्या गिझर पूर्ण बंद केला तर बिल 80 ने कमी होतं, कारण कमी होणारे युनिट वरच्या स्लॅबमधले. मग गिझरचा खर्च 58 का 80? सगळ्याच उपकरणांना वरचा दर लावला तर बेरीज 360 होते, बिल 260 चं, आणि युजर म्हणणार अ‍ॅपला बेरीज येत नाही. सरासरी लावला तर बेरीज जुळते, पण "बंद केलं तर काय वाचेल" याचं उत्तर खोटं. वर परत स्थिर आकार आहेच, तो कुठल्या उपकरणाच्या नावावर टाकू? सगळं बंद करून गावाला गेलात तरी तो येणारच.

आणि शेवटचं, "इतर". सगळ्यांची बेरीज केली की बिलापेक्षा कमी भरते, तो फरक मी "इतर" म्हणून करड्या रंगात दाखवते. एका टेस्टरच्या घरी इतर निघालं 38 टक्के. त्याने बाकी काही बघितलंच नाही, तेवढंच धरून बसला, की हे इतर म्हणजे कोण, मीटरच खराब आहे का, शेजारी वीज चोरतायत का. मी काय सांगणार, अंदाज जमला नाही म्हणून उरलेलं तिथे ढकललंय असं?

तर विचारायचं हे, की पैसे सरासरी दराने दाखवू का वरच्या, आणि अंदाज आहे हे अशा शब्दांत कसं सांगू की माणूस घाबरणार पण नाही आणि फ्रीज पण बंद करणार नाही. आपोआप उपकरण ओळखायचं काही जमेल का तेही सांगा.

प्रतिसाद १
शेवटचं आधी. मीटरच्या एका आकड्यावरून उपकरणं ओळखायची कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात त्यावर काम केलेल्या जॉर्ज हार्टचा गाजलेला पेपर 1992 चा. गिझरसारखं मोठं आणि चालू-बंद असणारं पटकन सापडतं. इन्व्हर्टर एसी मात्र हळूहळू चढतो-उतरतो, पायरीच दिसत नाही. आणि त्यासाठी सेकंदासेकंदाचं रीडिंग हवं, अर्ध्या तासाच्या रीडिंगमधून टीव्ही आणि पंखा वेगळे काढणं विसरा. एकटीने या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद २
त्यापेक्षा स्वस्तातली युक्ती सांगतो. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती पल्स, म्हणजे किती लुकलुकी, ते मीटरवर छापलेलं असतं. 3200 असेल तर 10 लुकलुकींना लागलेले सेकंद मोजायचे आणि 11250 ला त्याने भागायचं, आले वॅट. माझ्याकडे सगळं बंद, फक्त फ्रीज चालू, 10 लुकलुकींना 90 सेकंद, म्हणजे 125 वॅट. गिझर लावला, 5.3 सेकंद, म्हणजे 2120 च्या वर. वजा करा, 2000 चा गिझर बरोब्बर. स्टॉपवॉचवर अंगठा आपटून दुखला पण लेबल, तास काही लागलं नाही. अ‍ॅपला फोनचा कॅमेरा आहेच की, तोच मोजेल. आणि सगळी बटणं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर तुमचं "इतर" तिथेच सापडलं. नेहमी चालू राहणारे 10 वॅट म्हणजे वर्षाला 87 युनिट होतात, सेट-टॉप बॉक्स, राऊटर वगैरे मिळून तेवढं सहज जातं.

प्रतिसाद ३
58 का 80, तर दोन्ही, कारण ते दोन वेगळे प्रश्न आहेत. "बिल कुठे गेलं" याला सरासरी दर, तिथे बेरीज जुळलीच पाहिजे. "कमी केलं तर काय वाचेल" याला वरचा दर, पण तिथे बेरीज दाखवायचीच नाही, एका वेळी एकच उपकरण. एकाच स्क्रीनवर दोन्ही टाकलंत तर मेलात. वाचणारी रक्कम काढताना गुणाकार नको, पूर्ण बिलच दोनदा काढा, आधीचं आणि नंतरचं, मग स्लॅब मध्येच ओलांडला तरी बरोबर येतं. काही ठिकाणी तर सीमा एका युनिटने ओलांडली की आख्ख्या बिलाला वरचा दर लागतो, तिथे सरळ गुणाकार तोंडावर आपटेल. स्थिर आकार वेगळ्या ओळीत, कोणाच्याच नावावर नाही.

आणि मावशींना हसू नका. 2010 साली अमेरिकेत 505 जणांना उपकरणांच्या वापराचा अंदाज विचारला होता, लोक सरासरी 2.8 पट कमी सांगत होते, आणि सगळ्यात जास्त चुकले ते मोठ्या उपकरणांत. दिवे बंद करण्यावर मात्र सगळ्यांचा जोर.

धागाकर्ती
मंडळी, खरंच आभार. मावशीचं पण सेम, सुरुवातीला तिचा संशय जिन्यातल्या दिव्यावर होता, 9 वॅटचा एलईडी!

दोन स्क्रीन वेगळ्या केल्या. दशांश गेले, आता "साधारण 35 ते 45 युनिट" असं येतं. "इतर" चं नाव बदलून "अजून न मोजलेलं" केलं आणि त्याच्याच खाली लुकलुक मोजायचं बटण दिलं, तर तो 38 टक्केवाला टेस्टर भांडायचं सोडून घरभर बटणं बंद करत फिरला, 21 वर आणलंय. कॅमेरा उन्हात गडबडतो, दिवा नीट दिसतच नाही, त्यावर कोणाकडे काही असेल तर सांगा.

मावशीने परत इन्स्टॉल केलंय. फ्रीजच्या रांगेतून मी बचतीचं बटणच काढून टाकलंय.