सांगली विधानसभा मतदारसंघ : १९८५ ते १९९० मधला बदल आणि २००९ नंतरचे निकाल

गावभागकर यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी सांगली विधानसभा मतदारसंघाच्या (क्रमांक २८२) मतदानाचा इतिहास लिहायला घेतला आहे. निवडणूक आयोगाच्या अहवालांवरून तक्ता केला, पण दोन ठिकाणी अडलो. १९८५ च्या अहवालात काँग्रेसचे वसंतदादा पाटील विजयी दिसतात आणि लगेच पुढच्या, १९९० च्या अहवालात जनता दलाचे संभाजी पवार. दादांच्या सांगलीत एका फटक्यात असे घडले असेल, हे मनाला पटत नाही. दुसरे असे की, २००९ पासून ही जागा सलग भाजपकडे आहे. याला शहराचे बदललेले मत कारणीभूत धरावे, की मतदारसंघांची पुनर्रचना? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हळदपेठ

आपल्या तक्त्यात १९८६ ची ओळ राहिली आहे. आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पुढच्या काळातील पोटनिवडणुका येत नाहीत, त्यामुळे केवळ तेवढ्यावर विसंबणारा प्रत्येक जण इथेच अडखळतो. दादांनी १९८५ च्या जूनमध्ये मुख्यमंत्रिपद सोडले, त्याच वर्षाच्या अखेरीस ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि सांगलीची जागा रिकामी झाली. १९८६ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून दादांचे पुतणे विष्णूअण्णा पाटील उभे होते आणि त्यांना जनता पक्षाचे संभाजी पवार यांनी हरवले. पवार मूळचे तालमीतले, ‘बिजली मल्ल’ म्हणून कुस्तीशौकिनांना ठाऊक असलेले. म्हणजे बदल १९९० चा नव्हे. तो दादांच्या हयातीतच झाला होता. १९९० आणि १९९५ मध्ये पवारांनी जागा राखली, १९९९ मध्ये दिनकर पाटील आले आणि २००४ मध्ये मदन पाटील अपक्ष म्हणून निवडून आले.

आता २००९ पाहा. भाजपचे विजयी उमेदवार कोण, तर हेच संभाजी पवार; आणि पराभूत झालेले काँग्रेसचे मदन पाटील हे विष्णूअण्णांचे चिरंजीव. चिन्ह नवे असले तरी लढत जुनीच होती. त्यामुळे २००९ च्या निकालाला ‘शहर भाजपकडे वळले’ असे म्हणणे मला घाईचे वाटते. काँग्रेसविरोधी मतांचा साठा सांगलीत आधीपासूनच होता.

जाता जाता : पन्नाशीच्या दशकातले निकाल शोधताना जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असा घ्यावा, कारण सांगली हे जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये आले.

विश्रामबाग

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र पुनर्रचनेचा मुद्दा बाजूला सारता येणार नाही. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली आणि आपल्याकडे विधानसभेची पहिली निवडणूक त्यानुसार २००९ मध्ये झाली. शेजारचा मिरज मतदारसंघ तेव्हापासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. नाव तेच राहिले तरी हद्दी बदलल्या, म्हणून २००४ ची टक्केवारी २००९ च्या शेजारी ठेवून वाढ-घट काढू नये. २००९ पासून पुढची तुलना निर्धास्तपणे करावी.

त्यासाठी अहवालापेक्षा फॉर्म २० पाहावा. त्यात एकेका मतदान केंद्राची एकेक ओळ असते आणि टपाली मते शेवटी वेगळी दिलेली असतात. अडचण अशी की, ओळीत बहुधा केंद्राचा नुसता क्रमांक असतो आणि केंद्रे वाढली की क्रमांक सरकतात. गेल्या वेळी जो क्रमांक एका शाळेचा होता तो या वेळी भलत्याच गल्लीचा निघतो. त्या-त्या वर्षीची केंद्रांची यादी शेजारी उघडी ठेवल्याशिवाय बुधगाव-माधवनगरसारखी गावे आणि शहरातील प्रभाग वेगळे काढता येत नाहीत.

याचा उपयोग कुठे होईल ते सांगतो. २०१४ मध्ये सुधीर गाडगीळ यांनी मदन पाटील यांना चौदा हजारांहून अधिक मतांनी हरवले, तर २०१९ मध्ये काँग्रेसचे पृथ्वीराज पाटील यांच्याविरुद्ध त्यांचे मताधिक्य सातेक हजारांवर आले. ऑगस्टमध्ये महापूर आणि ऑक्टोबरमध्ये मतदान, त्यामुळे ‘पुराने मते नेली’ असे सर्रास बोलले जाते. पुराचे पाणी शिरलेल्या गावभागातील केंद्रे आणि कोरड्या राहिलेल्या उपनगरांतील केंद्रे यांत वेगवेगळी घट दिसली, तरच ते विधान लिहावे.

गावभागकर

दोघांचेही आभार. एक पुरवणी प्रश्न : २०२४ चा निकाल काँग्रेसच्या बंडखोरीमुळे लागला, असे लिहिणे योग्य होईल का?

कृष्णाकाठ

आकडे तसे सांगत नाहीत. २०२४ मध्ये गाडगीळ साधारण ३६ हजार मतांनी आले आणि काँग्रेसशी बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिलेल्या जयश्री मदन पाटील यांना ३२ हजारांच्या वर मते होती. ही सगळी मते पृथ्वीराज पाटील यांच्या पारड्यात टाकली तरीही अंतर पुरते भरत नाही, आणि बंडखोराची सगळी मते पक्षाचीच असतात हे गृहीतकही भाबडे आहे. तेव्हा ‘बंडखोरीने पराभव मोठा केला’ इतकेच लिहावे.

मात्र बंडखोरी सांगलीला नवी नाही, याची नोंद अवश्य घ्यावी. २००४ मध्ये मदन पाटील अपक्ष म्हणून जिंकले आणि २०२४ च्याच लोकसभेला दादांचे नातू विशाल पाटील, जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला सुटल्यावर, अपक्ष उभे राहून एक लाखावर मताधिक्याने निवडून आले. लोकसभेची ती लाट सहा महिन्यांनी विधानसभेत दादा घराण्यातीलच अपक्षाला का उपयोगी पडली नाही, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. २०१८ मध्ये महापालिकाही भाजपकडे गेली होती, हे त्याच्या उत्तरात धरावे. जयश्री पाटील आणि पृथ्वीराज पाटील हे दोघेही २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले आहेत, तेव्हा अंक छापायला जाण्यापूर्वी उमेदवारांच्या नावापुढे निवडणुकीच्या वेळचा पक्ष लिहिला आहे ना, तेवढे तपासून घ्यावे.