तिसावा आठवडा, घरी चार वर्षांचा मुलगा आणि कोरोना: तपासणीला जावे का, लस घ्यावी का?

अबोली_डिचोली, ६ जुलै २०२१

मला तिसावा आठवडा चालू आहे आणि घरात चार वर्षांचा मुलगा आहे. यजमान औषधांच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, त्यामुळे दिवसातले बरेच तास आम्ही मायलेकच घरी असतो. माहेर दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे अगदी जवळ. परंतु मे महिन्यापासून गोव्यात शिरताना चाचणीचे निगेटिव्ह प्रमाणपत्र लागू लागल्याने आईचे येणे राहून गेले आणि सातव्या महिन्यातली ओटी व्हिडिओ कॉलवरच पाहून तिला समाधान मानावे लागले.

मे महिन्यातल्या ऑक्सिजनच्या बातम्या वाचून मी इतकी घाबरले, की जूनमधल्या दोन्ही तपासण्या चुकवल्या. आता २ जुलैला केंद्र सरकारने गरोदर स्त्रियांना लस घेण्याची परवानगी दिली आहे, पण बाळंतपण होईपर्यंत थांबावे असे सासूबाईंना वाटते. मुलाने अजून बालवाडीची पायरी चढलेली नाही. मला साधा ठसका लागला तरी तो जवळ येऊन ‘आई, तुला कोरोना झाला?’ असे विचारतो. तपासणीचे आणि लसीचे काय करावे, आणि येणाऱ्या बाळासाठी याच्या मनाची तयारी कशी करावी?

परिचारिका_सत्तरी

ताई, लसीआधी तपासणीबद्दल लिहिते, कारण तुमचे लिहिणे वाचून मला खरी काळजी त्याचीच वाटली. रक्तदाब चढला तरी पुष्कळदा बाईला काहीच जाणवत नाही, आणि डोकेदुखी किंवा पायांवरची सूज ‘या दिवसांत असायचीच’ म्हणून अंगावर काढली जाते. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी होती. ती राहिली असेल तर आताही करता येते. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते, पण पोटावर हात ठेवून बाळाची वाढ पाहणे आणि रक्तदाब मोजणे फोनवरून होत नाही. आरोग्य केंद्रात आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ विचारा, मुलाला घरी कोणाजवळ तरी ठेवा, मास्क नाकाखाली उतरू देऊ नका, पण याच आठवड्यात जाऊन या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत असाल तर दोन्हींमध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही घेऊ नका, नाहीतर तिचा गुण येत नाही.

आता लस. सासूबाईंची भीती मायेपोटीच आहे, मात्र शेवटच्या तीन महिन्यांत कोविड झाला तर आजार बळावण्याचा आणि दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याचा धोका वाढतो, म्हणून थांबणे हा सुरक्षित पर्याय नाही. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात लस घेता येते. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये १२ ते १६ आठवडे जावे लागतात, म्हणजे तुमची दुसरी मात्रा बाळंतपणानंतर येईल, आणि स्तनपान करणाऱ्या आईलाही लस चालते. कोव्हॅक्सिन मिळाली तर दुसरी मात्रा २८ दिवसांनी घेता येते. ताप आला तर पॅरासिटामॉल चालते. इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पूर्वी एखाद्या लसीची किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी आली असेल तर तेवढे आधी सांगा.

मांडवीकाठ

एप्रिलमध्ये नववा महिना चालू असतानाच माझी चाचणी पॉझिटिव्ह आली होती, म्हणून हे लिहीत आहे. रुग्णालयात एका परिचारिकेने माझे बोट हातात घेऊन नखांवरचा रंग पुसायला लावला, गार पडलेले बोट चोळून ऊबदार केले आणि मगच ऑक्सिमीटर लावला. तोवर घरी मी चुकीचे आकडे वाचून रात्रभर रडत होते. आकडा ९४च्या खाली दिसला किंवा बोलताना धाप लागली तर मात्र घरी थांबू नये. बाळ जन्मल्यावर त्याला माझ्याजवळच ठेवले आणि हात धुऊन, मास्क लावून मी अंगावरचे दूध पाजले. बाळाला काहीही झाले नाही.

माझी चूक मोठ्या मुलीच्या बाबतीत झाली. ती झोपेत असताना मी तिला न सांगता निघाले आणि बारा दिवसांनी परतले तेव्हा ती माझ्याकडे यायला तयार नव्हती, नणंदेच्या पदराआडून नुसती बघत राहिली. मुलाला आतापासून सांगा की आई रुग्णालयात जाणार आहे, त्या रात्री तू अमुक ठिकाणी झोपशील, आणि आई परत येईल. रुग्णालयाची पिशवीही त्याच्यासमोरच भरा.

निवृत्त_बालवाडी_शिक्षिका

अबोली, मुलाला एक काम दे. जेवल्यावर डाव्या कुशीवर पड, त्याच्यासमोर एक वाटी आणि दहा चिंचोके ठेव. बाळ हलले की तू सांगायचे आणि त्याने एक चिंचोका वाटीत टाकायचा. दोन तासांत दहा चिंचोके पडले नाहीत तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. मात्र हा निर्णय तुझा, मुलाला त्यातले काही कळू देऊ नकोस. आणि कोरोनाबद्दल त्याने विचारले की ‘नाही रे’ म्हणून विषय टाळू नकोस. ठसका कशाने लागला ते खरे सांग. त्याने दीड वर्ष घरात नुसती भीती ऐकली आहे.

अबोली_डिचोली, ९ जुलै २०२१

सर्वांचे मनापासून आभार. काल आरोग्य केंद्रात जाऊन आले. रक्तदाब ठीक आहे, परंतु हिमोग्लोबिन ९.६ निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या आता दिवसातून दोन घ्यायच्या आहेत. जूनमध्ये गेले असते तर हे महिनाभर आधी कळले असते. साखरेचा अहवाल सोमवारी मिळेल. कोविशील्डची पहिली मात्रा घेतली, रात्री थोडी कणकण होती, आज नाही. सासूबाईंना परिचारिकाताईंचे उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण लस घ्यायला निघाले तेव्हा मुलाला सांभाळायला त्याच थांबल्या. दुपारी नववा चिंचोका टाकून मुलगा माझ्या पायाशी झोपला, दहावा मी टाकला. आई येत्या आठवड्यात चाचणी करून येणार आहे.