प्रोबेटपेक्षा नमुना आठ आधी पाहावा
प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) मिळेपर्यंत वारसाहक्काने आलेले घर विकताच येत नाही, हे अनेकदा ऐकू येणारे मत विदर्भातील खेड्यांना सरसकट लागू होत नाही; भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील ती सक्ती हिंदूंच्या बाबतीत मुंबई, कोलकाता, चेन्नई येथील मृत्युपत्रे व मिळकतींपुरती होती. अर्थात, कोणी मृत्युपत्रालाच हरकत घेतली असेल तर निकालापर्यंत थांबणेच इष्ट.

दर्यापूर तालुक्यातील आमच्या घराचा सौदा अडला तो नमुना आठवर. त्यावर अजून आजोबांचेच नाव होते आणि गोठ्यामागच्या मोकळ्या जागेची नोंदच नव्हती. मुळात नमुना आठ ही ग्रामपंचायतीची करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून इसार घेण्याआधी वारसांची नोंद करून घ्यावी आणि स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डावरील) क्षेत्र जागेवर जाऊन ताडून पाहावे.