थंडीने करपलेली झाडं: छाटू की थांबू? मदत हवी आहे

मागच्या आठवड्यात सलग तीन रात्री पारा शून्याखाली, उणे २ पर्यंत गेला. पहिल्या रात्री झाडं झाकायची राहिली, त्याची फार हळहळ वाटते आहे. सकाळी जास्वंदाची पानं उकडल्यासारखी लुळी पडली होती, दुपारपर्यंत काळी झाली. बोगनवेलीचे शेंडे वाळलेत. केळीची पानं गेली, पण बुंधा हाताला घट्ट लागतो, त्यामुळे तिची फारशी काळजी नाही.

जास्वंदाची साल नखाने हळूच खरवडून पाहिली. शेंड्याकडे आत तपकिरी आणि कोरडं, पण जमिनीपासून वीतभर हिरवं ओलसर दिसतं. म्हणजे जीव आहे ना? की हा हिरवेपणाही काही दिवसांत जाईल? मेलेला भाग लगेच दिसत नाही, शिवाय छाटल्यावर कोवळी पालवी फुटली आणि पुन्हा थंडी आली तर तीही जाईल, म्हणून अजून कात्री लावलेली नाही. खतही थांबवलंय. माती सुकली तरच पाणी देते.

खरा जीव अडकलाय तो कलमी लिंबात. कलमाच्या सांध्याच्या वर साल उभी चिरली आहे, खाली मात्र हिरवं आहे. खालून फुटवा आला तर तो खुंटाचाच, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा असणार, माझ्या लिंबाचा नाही. अशी चिरलेली साल भरून आल्याचं कुणी पाहिलंय का? किती आठवडे वाट पाहिलीत? आणि कोरफडीची पिचपिचीत झालेली पानं आत्ताच कापावीत का, सड गाभ्यात उतरण्याआधी?