पेठेत मजला चढवू देत नाहीत, मग पोरं पाचगावलाच जाणार की

मंगळवारपेठकर:
कोल्हापूरच्या पेठांत एफएसआयचे (जागेच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचे) नियम सैल करा म्हटलं की लगेच 'बिल्डरचा माणूस' म्हणू नका, आधी ऐका. राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली काय म्हणतीय, की गावठाणात रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असला तर बेसिक एफएसआय १.५, वर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) पण नाही. आता पेठेतली कुठली बोळ ९ मीटर हाय सांगा. गुंठाभर जागेत तळमजला आणि वरचा मजला झाला की संपलं, तिथं दोघा भावांच्या दोन चुली, तिसऱ्यानं जायचं कुठं? मग तो शहराबाहेर पाचगाव नाहीतर कळंब्याला फ्लॅटचा हप्ता भरतोय आणि रोज सकाळी गाडी काढून परत गुजरीतच (सराफ बाजारात) कामाला येतोय. छोट्या प्लॉटला तळ अधिक तीन मजले द्या, टॉवर कोण मागालंय?

बोळातला:
पटलं नाही. आमच्या बोळात अग्निशमनचा बंब तोंड घालत नाही, निम्मा रस्ता दारातल्या चारचाकींनी खाल्लाय. आणि स्वस्त होणार म्हणून कोण म्हणालं? एफएसआय वाढला की पहिला जागेचा रेट वाढतोय. ज्या म्हाताऱ्याकडं कोण फिरकत नव्हतं त्याच्या सोप्यात डेव्हलपर चहाला बसणार, आणि जुना भाडेकरू बाहेर.

नियमवाला:
१.५ वर संपत नाही ओ, पैसे भरून त्यावर ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय मिळतोय. अर्धंच सांगू नका.

मंगळवारपेठकर:
मिळतोय की, पण त्यात जिना, बाल्कनी, भिंती सगळं मोजून धरलंय, आणि ते पैसे भरायला गुजरीतल्या कारागिराकडं असत्यात व्हय? पार्किंगची अट तर छोट्या प्लॉटला नकोच, त्याच्याकडं चारचाकी नसती. बंबाचं मान्य, पण बोळात हायड्रंट (आग विझवायला पाण्याचे नळ) बसवता येत्यात, त्यासाठी माणसं शहराबाहेर घालवायची गरज नाही.

दुधाळीकर:
सगळ्या पेठांना एकच माप लावू नका एवढंच. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका पातळी, २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा त्याच्या किती वर गेली ते बघितलंय सगळ्यांनी. पाणी चढलं की पहिला सुतारवाडा हलवायला लागतोय. निळ्या पूररेषेच्या (नदीलगतच्या पूरपट्ट्याच्या हद्दीच्या) आत एक वीट पण वाढवायची नाही, तिथं उलट नियम कडक पायजेत.

मंगळवारपेठकर:
याला माझा विरोध नाहीच. उंचावरच्या पेठांचं बोलतोय मी.

पाचगावकर:
पेठेतली माणसं आमच्याकडं येत्यात, या की, पण प्यायला टँकर लागतोय आणि सांडपाणी उघड्यावर. २०१७ ला शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण काढलं, गटारी दिसल्या का कुणाला? आणि हद्दवाढ म्हटली की घरफाळा वाढंल म्हणून गाव विरोधात, मी पण त्यातलाच, खोटं कशाला बोलू. पण उसाची रानं पाडून प्लॉट टाकत बसण्यापेक्षा जिथं पाण्याची लाइन, शाळा, बस हाय तिथंच मजला चढू दे, मंगळवारपेठकरांचं बरोबर हाय.

बोळातला:
चढवा. ड्रेनेजची लाइन कुणाच्या खिशातनं बदलायची ते पण सांगा मग.