मदत हवी आहे: बहिणीला ताकायासु आर्टरायटिस, फॉलोअपबद्दल विचारायचंय

माझ्या धाकट्या बहिणीला, वय २६, ताकायासु निघालाय, म्हणजे महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज. आधी नुसता बारीक ताप, वजन उतरत चाललेलं, केस विंचरताना डावा हात भरून यायचा, सगळे म्हणायचे अशक्तपणा आहे. मग एका डॉक्टरांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं तर उजव्यात १५० आणि डाव्यात ९५, डाव्या मनगटाला नाडी लागतच नव्हती, खरंच देवासारखे भेटले ते. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) महाधमनीची भिंत जाड दिसली.

आता स्टिरॉइड आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल आलेत, पण रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि अशा सुजेच्या आजारांचे डॉक्टर) म्हणतात रक्त नॉर्मल असूनही आत सूज चालू असू शकते, म्हणून स्कॅन परत करायचाय. कोणाचं नुसत्या एमआर अँजिओवर (एमआरआयने रक्तवाहिन्या बघणं) भागलंय का, की पेट सीटी (सूज कुठे चालू आहे ते दाखवणारा स्कॅन) करावाच लागला? टोसिलिझुमॅब (सूज दाबणारं इंजेक्शन) कोणी घेतलंय का, खर्च कसा भागवलात? आणि तिचं लग्न ठरतंय, मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही हे माहितीये, मग तुम्हाला बदलून कोणतं औषध दिलं? सांगली-कोल्हापूरकडे चांगले रुमॅटॉलॉजिस्ट असतील तर प्लीज सांगा, घरी सगळे फार काळजीत आहेत.